बिटकॉइनचे नोड कुठल्या देशात किती? मोजताना वाशीमला फसू नका

माझे दोन नोड आहेत, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासणारी आणि पुढे पाठवणारी मशीन. एक नागपुरात धरमपेठेत, घरच्या जुन्या लॅपटॉपवर. दुसरा जर्मनीत भाड्याने घेतलेल्या मशीनवर. नोडच्या जागतिक नकाशावर त्यातला एकच दिसतो, आणि तो जर्मनीत! घरचा नोड सीजीनॅटमागे आहे, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकाच पत्त्याआड अनेक घरं कोंबली आहेत. बाहेरून कुणी त्याचं दार वाजवूच शकत नाही. नोडची शिरगणती करायला बसाल तेव्हा आधी हे पक्कं करा, की तुम्ही माणसं मोजत नाही, बाहेरून उघडणारी दारं मोजताय.

पायथन येतं असं धरून चालतो.

पत्ते गोळा करणं सोपं आहे. डीएनएस सीडकडून, म्हणजे चालू नोडचे पत्ते सांगणाऱ्या ठरावीक सर्व्हरकडून, सुरुवातीचे पत्ते घ्या, प्रत्येकाशी ८३३३ पोर्टवर (बिटकॉइनचं नेहमीचं दार) जोडा, हँडशेक, म्हणजे दोन्ही बाजूंची पहिली ओळख, झाला की ‘गेटअ‍ॅडर’ संदेश पाठवा, म्हणजे ‘तुला ठाऊक असलेले पत्ते दे’. एका उत्तरात जास्तीत जास्त १००० पत्ते येतात. नवे पत्ते रांगेत टाका, रांग संपेपर्यंत चालू ठेवा. नोड मोजणारी बिटनोड्स ही साइट २०१३ पासून असंच मोजतंय. त्याच नोडला लगेच पुन्हा विचारू नका, ०.२१ आवृत्तीपासून बिटकॉइन कोअर (बहुतेक नोडवर चालणारं सॉफ्टवेअर) साधारण दिवसभर तीच साठवलेली यादी परत देतं. आणि हे घरच्या वायफायवर करू नका. माझा राउटर अर्ध्या तासात गार पडला होता, घरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

चाळणी: ज्याने हँडशेक पूर्ण केला तोच नोड. बाकीचे पत्ते ऐकीव, बरेचसे कधीच बंद पडलेले. २०१७ मध्ये बिटकॉइनपासून वेगळं झालेलं बिटकॉइन कॅश हे चलनही ८३३३ च वापरतं, म्हणून नुसतं पोर्ट उघडं दिसलं की मोजला, असं करू नका.

आता खरी गोम. आयपी पत्त्यावरून ठिकाण काढायला बहुतेक जण जिओलाइट२ किंवा तसलाच मोफत डेटाबेस घेतात, अक्षांश-रेखांश नकाशावर टाकतात आणि फोटो काढून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. भारतात ठिपक्यांचा सगळ्यात मोठा झुबका वाशीमच्या आसपास! बंगळूर नाही, मुंबई नाही, वाशीम. मी दोन दिवस खूश होतो, विदर्भात कुणीतरी गुपचूप मोठं काम उभं केलंय म्हणून. मग प्रत्येक ठिपक्याचे आकडे उघडून पाहिले: २० उत्तर, ७७ पूर्व. सगळ्यांचे तेच.

डेटाबेसला ‘भारत’ एवढंच ठाऊक असलं की तो देशाच्या मध्याचा एक ठोकळ बिंदू देतो. आम्हा नागपूरकरांना झिरो माइलचा, म्हणजे देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या आमच्या दगडी खांबाचा, अभिमान. पण संगणकाने देशाचा मध्य अडीचशे किलोमीटर नैर्ऋत्येला नेऊन ठेवला होता. अमेरिकेत याच प्रकाराने एका शेतकरी कुटुंबाचे हाल झाले. ३८ उत्तर, ९७ पश्चिम या बिंदूला कोट्यवधी पत्ते चिकटवलेले, आणि तो कॅन्ससमधल्या त्यांच्या शेतापाशी पडत होता. चोरीचा माल शोधत पोलीस दारात येत. २०१६ मध्ये हे उघड झाल्यावर डेटाबेसच्या कंपनीने तो बिंदू एका तळ्यात हलवला.

तेव्हा अक्षांश-रेखांश घेताना शेजारची ‘अ‍ॅक्युरसी रेडियस’ वाचाच. तिथे १००० लिहिलं असेल तर हजार किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही, असा त्याचा अर्थ. १०० च्या वर आकडा दिसला की मी शहर पुसून टाकतो, फक्त देश ठेवतो. ‘कंट्री’ आणि ‘रजिस्टर्ड कंट्री’ हे दोन वेगळे रकाने आहेत, पहिला घ्या. दुसरा पत्त्यांचा गठ्ठा कुठे नोंदवला ते सांगतो, मशीन कुठे आहे ते नाही. आणि एकाच बिंदूवर पन्नासएक ठिपके बसले, तर आधी डेटाबेसवर शंका घ्या, मग त्या गावाचं कौतुक करा.

टोअरवरच्या, म्हणजे खरा पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कवरच्या, नोडला ठिकाण नसतं. त्यांची वेगळी ओळ करा. काही जण ते बाकीच्या देशांच्या टक्केवारीनुसार वाटून टाकतात. ही शुद्ध बनवाबनवी आहे. टोअर वापरणारा माणूस भाड्याचं मशीन घेणाऱ्यासारखाच वागतो, हे कुणी ठरवलं? तसंच ‘न दिसणारे नोड दहापट असतील’ म्हणून आकडा गुणूही नका. दिसले तेवढे लिहा, ‘किमान’ हा शब्द जोडा.

एकच नोड आयपीव्ही४, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांच्या दोन पद्धती) आणि टोअर अशा तिन्ही पत्त्यांनी येऊ शकतो, म्हणून तक्त्यावर ‘नोड’ऐवजी ‘पत्ते’ लिहिलेलं बरं.

शेवटी एएसएन, म्हणजे पत्ता कुठल्या नेटवर्कचा आहे, त्याचा रकाना जोडा आणि प्रत्येक देशाचे आकडे दोन भागांत फोडा: डेटा सेंटरचे आणि घरगुती जोडणीचे. माझं जर्मनीतलं मशीन पहिल्या भागात पडतं. धरमपेठेतला लॅपटॉप कुठेच पडत नाही.