जर्मनीला निघालाय? घर आणि विम्याच्या या चुका टाळा

ॲडमिशनचं पत्र आलं की पोरं आधी पेढे वाटतात, रंकाळ्यावर फोटो काढतात, आणि राहायचं कुठं हा प्रश्न पडतो तिकीट काढल्यावर. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज पत्र आलं त्याच दिवशी भरा. तिथं रांग असते, काही शहरांत एक-दोन सेमिस्टरची.

घर न बघता पैसे पाठवणं ही सगळ्यात महाग चूक, आणि ती मी स्वतः केलीय. राजारामपुरीत आमच्या माडीवर बसून 850 युरो पाठवले. मालक मेलवर भलताच गोड. 'कामानिमित्त इंग्लंडला आहे, अनामत मिळाली की किल्ली कुरिअर करतो.' चौथा मजला, बाल्कनी, भाडं निम्मं. आई म्हणाली, "एवढं स्वस्त कसं रे?" मी म्हटलं, तुला तिकडचं काय कळतंय. बॅगा ओढत पत्त्यावर पोचलो तर इमारत तीन मजली. तळमजल्यावरच्या आजींनी माझ्याकडं, बॅगांकडं बघितलं आणि दोन बोटं दाखवली. त्या महिन्यातला मी दुसरा. पुढच्या नऊ रात्री आठ जणांच्या खोलीत काढल्या.

तेव्हापासून मी एकच सांगतो. पहिला महिना तात्पुरती खोली घ्या, घर डोळ्यांनी बघा, करारावर सही करा, मग पैसे. इथूनच ठरवायचं असेल तर मालकाला व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघरातला नळ सोडायला लावा. फोटो चोरता येतो, नळ नाही. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीवर मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

जाहिरातीतलं 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी धरून होतं ते 'वार्ममीटे'. हिशोब वार्ममीटेचा करा.

राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला मालकाचा लेखी दाखला लागतो. दाखला द्यायला टाळाटाळ करणारा मालक नकोच.

आता आरोग्य विमा. "काका, 30-35 युरोत खाजगी मिळतोय, सरकारी 150 च्या आसपास आहे. कशाला घालवू?" हा फोन दर हंगामात येतो. माझ्या मावसभावानंही हेच केलं. एका एजंटच्या सांगण्यावरून स्वस्तातली पॉलिसी घेतली आणि सरकारी विमा न घेण्याची सूट मागितली. गडी पेठेतला फुटबॉलवाला, गुडघा शाहू स्टेडियमवरच गेलेला. तिकडं बर्फावर घसरला, तोच गुडघा. कंपनी म्हणाली, हे जुनं दुखणं, पॉलिसीत बसत नाही. बिल स्वतः भरलं. मग सरकारी विम्याकडं गेला, तर उत्तर आलं की एकदा घेतलेली सूट शिक्षण संपेपर्यंत मागं घेता येत नाही. महिन्याचे शंभर युरो वाचवायला गेला आणि दोन वर्षं जिना जपून उतरला.

वय 30 च्या आत असेल तर डोळे झाकून सरकारी विमा घ्या. तिशी ओलांडली की विद्यार्थी दर मिळत नाही, तेव्हा मात्र खाजगी पॉलिसीतली बारीक अक्षरं रात्र जागून वाचा. नुसत्या प्रवास विम्यावर विद्यापीठात नाव लागत नाही.

आणि रेडिओ-टीव्हीचं शुल्क, घरटी महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी पत्र येतंच. रूममेटांत वाटून घ्या.