लांबच्या प्रवासाआधी टायर आणि झोप
टायरमधील हवा गाडी किमान ३ तास उभी राहिल्यानंतर, म्हणजे शक्यतो सकाळी निघण्यापूर्वीच तपासावी. गाडी चालल्यावर टायर तापून आतला दाब वाढतो आणि कमी असलेली हवाही पुरेशी भासते. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. स्टेपनीची हवाही पाहावी, कारण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते.

याहून अधिक आग्रह झोपेबाबत आहे. मागचे काही किलोमीटर कसे गेले हे आठवेनासे झाले, की काच खाली करून किंवा गाणी लावून भागत नाही. सुरक्षित जागी थांबून कॉफी प्यावी आणि लगेच १५-२० मिनिटे डुलकी काढावी, कारण कॉफीचा परिणाम जाणवायलाही साधारण २०-३० मिनिटे लागतात.