मेगोला: पुढच्या चाकातलं इंजिन आणि हमखास होणाऱ्या चुका

मेगोला या जुन्या जर्मन मोटरसायकलचा फोटो पहिल्यांदा बघणारा माणूस आधी इंजिन शोधतो. सीटखाली पत्र्याची लांब पेटी, मागे साधं चाक. चेन नाही, शाफ्ट नाही, किक नाही. मग नजर पुढच्या चाकावर जाते आणि स्पोकांमधून डोकावणारे पाच सिलिंडर दिसतात. म्युनिकमध्ये 1921 ते 1925 या काळात अशा साधारण 2000 गाड्या तयार झाल्या. माइक्सनर, गोकेरेल आणि लांडग्राफ या तिघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून मेगोला हे नाव झालं. कल्पना फ्रिट्झ गोकेरेलची. त्याचं आडनाव बऱ्याच ठिकाणी कॉकेरेल असंही लिहिलेलं सापडतं.

आज जगात मोजक्याच मेगोला उरल्या आहेत, त्यामुळे तुमच्या-माझ्या गॅरेजात ती येण्याची शक्यता शून्य. तरी जुन्या गाड्यांच्या गप्पांत तिचं नाव निघतंच, आणि निघालं की त्याच त्या चुका कानावर पडतात. गाडी प्रत्यक्ष हाताळणारेही याच चुका करतात, फक्त त्यांना त्या महागात पडतात.

हल्लीच्या स्कूटरसारखी हब मोटर समजणे

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली मोटर शून्यापासून ओढते. पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही, त्याला आधी फिरावं लागतं. म्हणून बाकीच्या गाड्यांना क्लच आणि गिअर असतात. मेगोलाला दोन्ही नाहीत.

दुसरा गैरसमज याच्या उलट दिशेचा. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, विमानाला घट्ट बसवलेला असायचा आणि सिलिंडर त्याच्याभोवती गरगरायचे. मेगोलाचे सिलिंडरही चाकाबरोबर फिरतात, म्हणून तेच इंजिन चाकात घातलं असं लोक म्हणून मोकळे होतात. तसं केलं असतं तर चाक इंजिनाच्या वेगाने फिरलं असतं आणि हळू चालवणं अशक्य झालं असतं. गोकेरेलने क्रँकशाफ्टही मोकळा सोडला आणि मध्ये गिअर घालून तो चाकाच्या उलट दिशेने फिरवला. दोन्ही फिरणं मिळून चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे सहा फेरे होतात. फोर-स्ट्रोक पाच सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पाच ठिणग्या, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पंधरा. गिअर न बदलता ही गाडी हळूही चालते आणि पळतेही, त्याचं कारण या पंधरा धक्क्यांत आहे. एकच मोठा सिलिंडर असता तर तिने माणसाला हलवून हलवून खाली टाकलं असतं.

बोअर (सिलिंडरचा व्यास) 52 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 60, एकूण साधारण 640 सीसी, साइड व्हॉल्व्ह, ताकद 14 हॉर्सपॉवर. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याच शहरातून 1923 मध्ये आलेली बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल आर 32 साडेआठ हॉर्सपॉवरची होती.

स्टँडवर चालू करून घाईत खाली सोडणे

चालू करायच्या रीती दोन. एक म्हणजे आपली ओळखीची धक्का स्टार्ट, गाडीबरोबर पळायचं आणि उडी मारून बसायचं. दुसरी, पुढचं चाक स्टँडवर उचलायचं आणि हाताने फिरवायचं. दुसरी रीत बघायला सोपी, पण इंजिन सुरू झालं की चाकही फिरतंय हे विसरायचं नाही. ते तसंच जमिनीला टेकवलं तर गाडी तुमची वाट बघत थांबणार नाही. स्टँडवरचं चालवणं तपासणीपुरतं ठेवावं आणि रस्त्यावर धक्काच मारावा.

त्याआधी एक काम आहे, आणि ते बहुतेक जण टाळतात. सिलिंडर गोलाकार मांडलेले असले की गाडी उभी असताना त्यातले एक-दोन खालच्या बाजूला राहतात. ऑइल झिरपत झिरपत त्यांच्यात साचतं. विमानांच्या रेडियल इंजिनांचा हा जुना आजार आहे. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीचं चाक आधी हाताने सावकाश दोन-तीन फेरे फिरवा. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका, खालच्या सिलिंडरचा प्लग काढा आणि ऑइल बाहेर येऊ द्या. ऑइल दाबलं जात नाही, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

थांबताना सवयीने क्लच शोधणे

डावा हात आपोआप आवळला जातो आणि तिथे काहीच नसतं. गाडी थांबली की इंजिन बंद, पुन्हा धक्का. गर्दीत चौक मोकळा होईपर्यंत चालक तिथेच लहान गोल फेऱ्या मारत राहायचे, असं सांगतात. मला हे दृश्य फार आवडतं, पण आजच्या रहदारीत कुणी करून बघू नये.

खरा धोका वेगळाच आहे. ब्रेक दोन, आणि दोन्ही मागच्या चाकावर. पुढे ब्रेक नाही, पण थ्रॉटल सोडला की इंजिनाचा अडथळा थेट पुढच्या चाकावर येतो. ओल्या दगडी रस्त्यावर, वळणात, थ्रॉटल एकदम बंद करणं म्हणजे पुढचा ब्रेक दाबण्यासारखंच झालं. त्याहून वाईट म्हणजे इंजिन सीझ होणं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकणं. साध्या गाडीवर सीझ झालं की क्लच दाबून कडेला जाता येतं. इथे चाकच जाम होतं, आणि तेही पुढचं. म्हणून या गाडीत पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) आणि ऑइलचा पुरवठा यांवर कंजूषी करणाऱ्या मेकॅनिकला मी तरी जवळ येऊ देणार नाही.

एकच सिलिंडर बदलून काम भागवणे

फोडून बघण्याआधी नीट निदान करा. पाचातला एक सिलिंडर मेला तरी बाकीचे चार गाडी ओढत राहतात, चालकाला फक्त ताकद कमी वाटते. दोन मिनिटं चालवून थांबा आणि प्रत्येक सिलिंडरवर पाण्याचा थेंब टाका. जिथे थेंब चुरचुरत नाही तिथे काम आहे. आधी प्लग, मग वायर, मग व्हॉल्व्ह.

सिलिंडर उतरवण्यासाठी चाकाचे स्पोक काढावे लागत नाहीत, ही रचनाकाराची मोठी मेहेरबानी. पण नवा सिलिंडर घडवून बसवताना वजनाची चूक होते. इथे सिलिंडर हे चाकाचंच वजन आहे. एक जाड भिंतीचा, जड सिलिंडर बसला की चाक बॅलन्समधून जातं आणि वेगात हँडल थरथरू लागतं. मग लोक स्टिअरिंगचे बेअरिंग बदलत बसतात. पाचही सिलिंडर काट्यावर तोलून जुळवावेत.

हँडल उभ्या जागी जड लागतं, तो मात्र बिघाड नव्हे. अख्खं इंजिन चाकात आहे आणि पुढची पाटा-स्प्रिंग त्याचं वजन पेलत नाही, त्यामुळे खड्ड्यात पुढून दणका बसतो. गुरुत्वमध्य इतका खाली आल्यामुळे वळणात गाडी छान बसते, हा त्याचा मोबदला.

पंक्चरला साधी गोल ट्यूब आणणे

गोल ट्यूब घालायची तर इंजिनासकट चाक उतरवावं लागेल. मूळ ट्यूब सलग कडं नव्हती. दोन बंद टोकं असलेल्या लांब नळीसारखी ती होती, आणि चाक न काढता टायरमध्ये सरकवता यायची. भरताना टोकं दुमडली जाणार नाहीत एवढं बघायचं.

स्पोर्ट आणि टुरिंगची खिचडी करणे

मेगोलाची मॉडेलं दोन, टुरिंग आणि स्पोर्ट. खुर्चीसारखी सीट आणि मागे स्प्रिंग हा टुरिंगचा थाट. स्पोर्टला घोड्याच्या खोगिरासारखी साधी सीट, मागून कडक. याच स्पोर्टच्या जोरावर टोनी बाऊहोफरने 1924 मध्ये जर्मनीचं अजिंक्यपद मिळवलं, आणि त्याच वर्षी श्लाइत्सच्या शर्यतीतही मेगोला चमकली. आरामाच्या नावाखाली स्पोर्टवर खुर्ची चढवणाऱ्यांना काय म्हणावं!

चालता चालता इंजिन बंद पडलं की कार्बोरेटर उघडणे

मुख्य टाकी पत्र्याच्या त्या पेटीत, खाली. तिथलं पेट्रोल आपोआप पुढे जात नाही. पुढे अ‍ॅक्सलजवळ एक छोटी टाकी आहे आणि ती चालकाने हातपंपाने भरायची असते. तेव्हा रस्त्याकडेला पाने-स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी पंप मारा. दहापैकी किती वेळा तेवढ्यावर भागेल हे मी सांगू शकत नाही, पण पंप मारायला वेळ कितीसा लागतो?