तणशीचा ढीग फोडताना मधली मूठ आधी ओढा

भंडारा-गोंदियाकडे कापणीच्या वेळी पाऊस आला की धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, वरून पिवळीजर्द दिसते, आत मात्र बुरशी धरते. अशी तणस खाल्ल्यावर, बहुधा थंडीत, शेपटीचा शेंडा आणि कानाच्या कडा काळ्या पडून वाळतात, खुरांवर सूज येते. त्रास म्हशींना जास्त.

१. ढिगात कोपरभर हात घालून मधून एक आणि बुडातून एक मूठ ओढा.
२. पांढऱ्या धोतरावर झटका. काळी-करडी भुकटी पडली, काड्यांवर काळे, पांढरे किंवा गुलाबी डाग दिसले, कुबट वास आला, तर तो थर बाद.
३. बाद थर खताच्या खड्ड्यात. गोठ्यात अंथरू नका, जनावर तेच चघळतं.
४. नवा ढीग लाकडांवर, जमिनीपासून फूटभर उंच रचा. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली तरच रचायची.

उन्हात वाळवली की बुरशी थांबते, पण तिचं विष काडीतच राहतं. म्हणून चांगल्या तणशीत मिसळून खपवू नका. जनावर लंगडलं किंवा शेपटी गार लागली तर तणस त्याच दिवशी बंद करून पशुवैद्याला बोलवा.