अक्रेडिटेड इन्व्हेस्टर व्हायचंय? या चुका टाळा

"माझं सगळं मिळून दहा कोटींचं आहे, म्हणजे मी अक्रेडिटेड इन्व्हेस्टर झालोच ना?" असा फोन मला वरचेवर येतो. अक्रेडिटेड इन्व्हेस्टर म्हणजे उत्पन्न-संपत्तीचे निकष पूर्ण करून, जास्त जोखमीच्या गुंतवणुकीसाठी तसं प्रमाणपत्र मिळवलेला गुंतवणूकदार. नुसत्या दहा कोटींवरून कोणी होत नाही.

सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, 2021 मध्ये निकष ठरवून दिले. व्यक्तीसाठी तीन वाटा आहेत: वार्षिक उत्पन्न किमान 2 कोटी, किंवा नक्त संपत्ती (कर्ज वजा जाता उरणारी) किमान 7.5 कोटी आणि त्यातले निदान 3.75 कोटी आर्थिक मालमत्तेत (शेअर, फंड, एफडी वगैरे). किंवा उत्पन्न 1 कोटी आणि नक्त संपत्ती 5 कोटी, त्यातले 2.5 कोटी आर्थिक मालमत्तेत. राहतं घर संपत्तीत धरायचं नाही. लोक अडकतात ते "त्यातले" या शब्दापाशी.

नाशिककडचे एक काका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सातबारे घेऊन आले होते. जमीन 5 कोटींची, दुकानगाळा 1.4, बंगला 2.2, एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून 1.6. एकूण 10.2 कोटी. "तुम्ही सहज बसता," असं सांगून कुणीतरी त्यांच्याकडून फीसुद्धा घेतली होती. राहता बंगला वजा केला तरी 8 कोटी उरत होते, पण आर्थिक मालमत्ता 1.6 कोटींचीच. अर्ज परत आला होता. काका म्हणाले, "मग दोन एकर विकून टाकू का?" मी म्हटलं, "काका, एका प्रमाणपत्रासाठी वडिलोपार्जित जमीन विकायची नाही." त्यांना फी घेऊन घाई करायला लावणाऱ्याचा राग मला अजून येतो.

तेव्हापासून मी आधी कागदावर दोन रकाने आखतो. डावीकडे शेअर, फंड, एफडी, बाँड. उजवीकडे जमीन, गाळे, तिजोरीतलं सोनं. राहतं घर लिहीतच नाही. मग कर्ज वजा. डावा रकाना भरत नसेल आणि उत्पन्नही 2 कोटींचं नसेल, तर पुढे बोलायचंच नाही.

उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे. दुकानाची विक्री 3 कोटींची असली तरी रिटर्नमध्ये काय दाखवलंय तेच बघितलं जातं.

नवरा-बायको एकत्र गुंतवणूक करत असतील तर दोघांचं उत्पन्न आणि संपत्ती एकत्र धरतात. बाप-लेकाचं तसं नाही. दोघांपैकी एकाला तरी स्वतःच्या बळावर निकष पूर्ण करावे लागतात.

अमेरिकी व्हिडिओ बघून येऊ नका. तिथे 10 लाख डॉलरची नक्त संपत्ती (राहतं घर सोडून) किंवा 2 लाख डॉलरचं उत्पन्न चालतं, आणि 2020 पासून ठरावीक परवाना परीक्षांचीही वाट आहे. आपल्याकडे परीक्षेची वाट नाही.

एंजल फंडात (नवख्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या फंडात) नव्याने येणाऱ्यांसाठी 2025 च्या बदलांनंतर हा दर्जा सक्तीचा झाल्यापासून तरुणांची घाई फार वाढली आहे. त्यांना मी आधी एवढंच विचारतो: घातलेले सगळे पैसे बुडाले तर घर चालेल का? हा दर्जा घेतला की छोट्या गुंतवणूकदाराला मिळणारी काही संरक्षणं सुटतात, हे अर्ज करण्यापूर्वी कळलं पाहिजे.

प्रमाणपत्र मान्यताप्राप्त एजन्सीच देते आणि त्याला मुदत असते. ती तारीख मी अशिलाच्या फाईलवर लाल पेनने लिहून ठेवतो. मुदत संपल्याचं नव्या फंडात पैसे भरायच्या आदल्या दिवशी कळलेली माणसं मी पाहिली आहेत.