आयजीएसटी परतावा अडकला होता: एसबी००५

सोलापूरहून टॉवेल न्हावा शेवामार्गे बाहेर गेले, पैसेही आले. पण निर्यातीवर भरलेला आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) परत येईना. सीएने जीएसटीआर-३बी (कर भरल्याचं रिटर्न) पुन्हा तपासला, बँक खातं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारच्या पेमेंट प्रणालीवर पडताळलं. दोन्ही बरोबर. भांडवल अडकलं की छोट्या कारखान्याची झोपच उडते.

शेवटी आईसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) लॉगिन करून शिपिंग बिलाची, म्हणजे कस्टम्सकडे दिलेल्या निर्यातीच्या कागदाची, आयजीएसटी पडताळणी स्थिती पाहिली: एसबी००५, म्हणजे इन्व्हॉइस क्रमांक जुळत नाही. शिपिंग बिलावर ‘ईएक्स/०१२’, आमच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं रिटर्न) नुसतं ‘१२’. एवढंच!

मग असं केलं. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए उघडला, आधीच्या इन्व्हॉइसमधली चूक तिथे सुधारता येते. आधी जुना क्रमांक आणि तारीख टाकली, मग सुधारित क्रमांक शिपिंग बिलाबरहुकूम, तिरक्या रेषेसकट. शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख, पोर्ट कोड त्यावरूनच उतरवले, आठवणीतून नाही. रिटर्न भरलं. काही दिवसांनी आईसगेटवर एसबी०००, म्हणजे पडताळणी यशस्वी, मग खात्यात रक्कम. परताव्याचा वेगळा अर्ज लागत नाही. शिपिंग बिल हाच अर्ज.

चूक शिपिंग बिलातच असेल तर ९ए कामाचा नाही. तेव्हा जीएसटी रिटर्नमधलं आणि शिपिंग बिलावरचं अशा दोन्ही इन्व्हॉइसांचा मेळ दाखवणारा तक्ता कस्टम्सकडे द्यावा लागतो.