पंपशीट खरी कशी ठेवावी

हृदयाच्या शस्त्रक्रियेत बायपास, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचे काम करणारा पंप, चालू असताना रुग्णाच्या रक्ताभिसरणाची सूत्रे तो पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टच्या हातात असतात. रुग्ण भुलीखाली, घरचे बाहेर. त्या वेळात काय घडले याची साक्ष द्यायला पंपशीटच, म्हणजे पंपावरच्या नोंदींचा कागदच, उरते, म्हणून या पेशातला प्रामाणिकपणा आधी तिथे तपासावा.

सुरुवात हेपॅरिनपासून, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधापासून. 60 किलोच्या रुग्णाला किलोमागे 300 युनिट धरले तर 18,000 युनिट लागतात. मिलिलिटरला 5,000 युनिटची वायल असेल तर 3.6 मिली, 1,000 युनिटची असेल तर 18 मिली. वायलींची अदलाबदल होऊन 3.6 मिली 1,000च्या वायलीतून भरले, तर रुग्णाला डोसचा पाचवा हिस्साच मिळतो. ताकद मोठ्याने वाचा, भूलतज्ज्ञांकडून दुजोरा घ्या. हेपॅरिन दिल्यावर 3 ते 5 मिनिटांनी एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, काढा. बहुतेक ठिकाणी पंपावर जाण्यासाठी 480 सेकंद धरतात. 430 आला तर 430च लिहायचा, सर्जनना ऐकू जाईल असे सांगायचे आणि वाढीव हेपॅरिननंतर पुन्हा काढायचा. जिवावर बेतले म्हणून सर्जननी थांबायला नकार दिला, तर आकडा, तुमची सूचना आणि त्यांचा निर्णय वेळेसह नोंदवा.

रक्तदाब, फ्लो (पंपाचा रक्तप्रवाह), तापमान ज्या त्या वेळीच लिहा. शेवटी एकदम भरलेली शीट लगेच कळते: तासभर दाब 65, फ्लो तोच. खऱ्या शरीरात असे होत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा, वेळ, सही. खाडाखोड नको, पांढरी शाई तर नकोच.

रिझर्व्हॉयरच्या (पंपातले रक्त साठते त्या टाकीच्या) पातळीचा आणि बुडबुड्यांचा अलार्म वाजतो म्हणून बंद करू नका. ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग, एकदाच वापरायचा. त्याचे स्टिकर शीटवर लावा, म्हणजे बॅच शोधता येते आणि बिलात न वापरलेली वस्तू शिरत नाही. धमनीच्या लाइनमध्ये हवा दिसली तर पंप थांबवा, लाइन क्लॅम्प करा, ओरडून सांगा. लपवालपवीत गेलेला एकेक सेकंद मेंदूला महाग पडतो. नंतर सर्किट (पंपाच्या नळ्यांचा संच) फेकू नका, तपासणीसाठी वेगळे ठेवा. घरच्यांना ही गोष्ट सर्जननी सांगायची असते, पण ती सांगितली गेली का, हे विचारणे तुमचेही काम.

गोव्यात आणखी एक अडचण, ओळखीची. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पेडण्याहून, सत्तरीहून आलेल्या माणसाचा कोणीतरी तुमच्या वाड्यावरचा निघतोच आणि संध्याकाळी फोन येतो. "त्यांच्या डॉक्टरांना विचारा" एवढेच सांगा. पंपशीटचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नका, नाव झाकूनसुद्धा नाही: तारीख आणि वय एवढ्यावरून गाव माणूस ओळखतो.